भूक आणि वैर: माशांच्या टाकीतला एक जुना प्रश्न

शिकारी माशाच्या टाकीत सोबती कोणता सोडायचा, हा प्रश्न दुकानदाराला विचारायचा असं आपल्याला वाटतं. पण त्यामागे विचारांचा एक इतिहास आहे.

ऑस्ट्रियाचे प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ यांनी १९६३ साली आक्रमकतेवर पुस्तक लिहिलं. सुरुवात केली प्रवाळखडकांतल्या माशांपासून. हे भडक रंगांचे मासे सर्वांत जास्त तुटून पडतात ते परक्यांवर नव्हे, आपल्याच जातभाईंवर. समुद्रात हरलेला पळून जातो. टाकीत पळणार कुठे?

लोरेंझ यांनी इथे एक भेद केला. शिकारी भक्ष्यावर झडप घालतो ती भूक. तिच्यात राग नसतो. प्रतिस्पर्ध्यावर धावतो ते हद्दीचं वैर. म्हणून ऑस्करसारखा मासा पाळणाऱ्याने दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. सोबती त्याच्या तोंडात मावेल का? आणि तो त्याला जागेतला वाटेकरी वाटेल का? पोट भरलं की भांडण मिटतं, हा समज खोटा आहे.

१९७३ साली लोरेंझ यांना नोबेल विभागून मिळालं. मात्र माशांवरून थेट माणसाकडे त्यांनी घेतलेल्या उडीवर कडक टीका झाली. १९३८ साली ते नाझी पक्षात गेले होते, हेही विसरता येत नाही. माणसाच्या हिंसेला ‘स्वभाव’ म्हटलं की जबाबदारी हलकी होते, हा धोका खराच.

टाकीपुरतं बोलायचं, तर माशाने शेजारी निवडलेला नसतो. तो आपण निवडतो. सकाळी एखादा मासा मेलेला सापडला, तर ऑस्करला क्रूर म्हणून आपली सुटका होत नाही.