आज्ञावलीतील बहुओळी संदेश आणि डाव्या समासाचा प्रश्न : एक ऐतिहासिक मागोवा

संगणकाच्या इतिहासलेखनात यंत्रे, भाषा व त्यांचे निर्माते यांची नोंद विपुल झाली आहे. आज्ञावलीने वापरकर्त्यास द्यावयाचा संदेश ओळींमध्ये नीटनेटका मांडण्यासाठी काय खटाटोप करावा लागला, याकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात या लहान परंतु चिवट प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

आय.बी.एम. ७०४ या संगणकासाठी १९५७ मध्ये फोरट्रान भाषा उपलब्ध झाली. तीत संदेश छापावयाचा तर त्यातील अक्षरे, विरामचिन्हे व मोकळ्या जागा मोजून ती संख्या आधी लिहावी लागे आणि तिच्यापुढे ‘एच’ हे अक्षर येई. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत ज्यांची पंच-कार्ड यंत्रे वापरली गेली, त्या हर्मन हॉलेरिथ यांच्या आडनावाचे हे आद्याक्षर होय. मोजणी एकाने चुकली तरी संदेशाचे शेवटचे अक्षर बाहेर पडे, किंवा पुढचे चिन्ह आत शिरे. शिवाय ओळीचे पहिले अक्षर छापलेच जात नसे. छपाईयंत्राने एक ओळ सरकावे, दोन सरकावे की नवे पान घ्यावे, हे त्यावरून ठरे. लेखकास असा कारकूनही व्हावे लागे.

फोरट्रान ७७ मध्ये मजकूर अवतरणचिन्हांत लिहिण्याची प्रमाणित सोय झाली व ही मोजदाद संपली. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतील बॉर्न शेलमध्ये अनेक ओळींचा मजकूर जसाच्या तसा लिहिता येऊ लागला. पण आज्ञा वाचनीय राहाव्यात म्हणून प्रोग्रामर त्या आत सरकवून लिहितो. तोच समास मग संदेशातही उमटतो. समास टाळावा तर आज्ञावलीची मांडणी विस्कटते.

पायथॉन भाषेत समास हा व्याकरणाचाच भाग असल्याने ही अडचण अधिक बोचणारी होती. २००३ च्या २.३ या आवृत्तीत ‘टेक्स्टरॅप’ हा विभाग आला. त्यातील ‘डीडेंट’ हे साहाय्यक फंक्शन सर्व ओळींना समान असलेली डावीकडील मोकळी जागा शोधून काढून टाकते. कल्पना साधी, परंतु क्रम नाजूक. २०१६ पासून पायथॉनमध्ये बदलत्या किमती थेट मजकुरातच गुंफता येऊ लागल्या. त्या समास काढण्यापूर्वीच भरल्या जातात. एखादी किंमत स्वतःच दोन ओळींची असेल, तर तिची दुसरी ओळ अगदी डाव्या कडेपासून सुरू होते. समान समास शून्य ठरतो आणि काहीच निघत नाही. म्हणून साहाय्यक फंक्शनने आधी समास काढावा व मगच किमती भराव्यात, हे आवश्यक ठरते. रुबी (२.३, २०१५) व जावा (१५, २०२०) यांनी समास काढण्याचे काम भाषेच्या व्याकरणातच घेतल्याने तेथे हा क्रम आपोआप पाळला जातो. प्रस्तुत लेखकास हाच मार्ग अधिक विवेकी वाटतो.

मराठी संदेशांच्या बाबतीत मात्र मोजणी पुन्हा उपस्थित होते. ‘स्त्री’ हे वाचकाच्या दृष्टीने एक अक्षर. युनिकोडमध्ये त्याचे सहा संकेत होतात. ‘टेक्स्टरॅप’ ओळीची रुंदी संकेत मोजून ठरवते व सत्तरीच्या आत ओळ तोडते. परिणामी देवनागरी ओळी इंग्रजी ओळींपेक्षा आखूड पडतात, आणि जोडाक्षरे जितकी अधिक तितकी उजवी कड अधिक ओबडधोबड दिसते.