स्टिअरिंगचा जोर हरवतो तेव्हा : सिम रेसिंगमधील फोर्स फीडबॅकचे दोष

संगणकावरील मोटारशर्यतीत, म्हणजे सिम रेसिंगमध्ये, खुर्ची जागची हलत नाही आणि वळणावर शरीर कलत नाही. गाडीची अवस्था डोळ्यांना, कानांना आणि हातांना जेवढी कळेल तेवढीच. हातांपर्यंत ही माहिती पोचविणाऱ्या यंत्रणेला फोर्स फीडबॅक म्हणतात. ती बिघडली की खेळ चालू राहतो, पण चालक अर्धा आंधळा होतो. वीस-तीस हजारांचे स्टिअरिंग अशा वेळी ‘जळाले’ असे ठरवून कपाटात जाते, किंवा उतावीळपणे उघडले जाते. प्रत्यक्षात दोष बहुधा मोटरीत नसतो.

गेमपॅडमधील थरथर आणि फोर्स फीडबॅक या वेगळ्या गोष्टी आहेत. स्टिअरिंगच्या तळाशी असलेली मोटर चक्राला डावीकडे वा उजवीकडे ठरावीक जोराने ओढू शकते. किती ओढायचे, हे खेळ पुढच्या चाकांवरील बलांवरून सेकंदाला अनेकदा मोजतो. ही ओढ निर्माण करण्याची पद्धत निरनिराळी असते. २०१५ साली आलेल्या लॉजिटेक जी२९ मध्ये दोन मोटरी दातेरी चक्रांतून जोर देतात, थ्रस्टमास्टरच्या टी३०० मध्ये पट्टा असतो, तर फानाटेकच्या सीएसएल डीडीसारख्या ‘डायरेक्ट ड्राइव्ह’ प्रकारात चक्र थेट मोटरीच्या दांड्यावरच बसलेले असते.

जोर मुळीच लागत नसेल तर पहिला प्रश्न विजेचा. यूएसबीची तार बटणे आणि पॅडल यांची माहिती वाहून नेते, मोटरीला मात्र स्वतंत्र अॅडॉप्टर लागतो. म्हणून बटणे चालतात, संगणक स्टिअरिंग ओळखतो आणि तरीही चक्र निर्जीव राहते. तपासणी सोपी आहे. जी२९ जोडताच ते स्वतःहून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरून मध्यावर येते. असे फिरले तर मोटरी आणि वीजपुरवठा दोन्ही शाबूत आहेत, दोष पुढे कुठेतरी आहे. फिरले नाही तर आधी अॅडॉप्टरची पिन पाहावी. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाऊन-येऊन असते. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, स्टिअरिंगची वीज तेवढी जाते, आणि शर्यतीच्या मध्यात जोर का गेला हे कळत नाही. दमट हवेने जोडणीच्या पिनांवर गंज धरणे हाही किनारपट्टीचा नेहमीचा ताप आहे. चक्र स्वतः फिरत असताना हात दूर ठेवावेत, नाहीतर मध्य चुकीचा धरला जातो. जी२९ वर प्लेस्टेशनची आवृत्ती निवडण्याचे लहान बटण असते. संगणकावर खेळताना ते ‘पीएस३’ कडे ठेवावे.

वीज ठीक असेल तर संशय संगणकावर. विंडोजमधील डायरेक्टइनपुट व्यवस्थेत जोर देण्यासाठी खेळाला स्टिअरिंगवर एकहाती ताबा हवा असतो. म्हणूनच खेळ चालू असताना दुसऱ्या खिडकीत जाऊन परतले की कधीकधी जोर परत येत नाही. खेळ बंद करून पुन्हा सुरू करणे हाच त्यावर खात्रीचा उपाय. उत्पादकाचे जुने आणि नवे अशी दोन्ही सॉफ्टवेअर एकाच संगणकावर असतील तर जुने काढून टाकावे. स्टीमवरून खेळत असल्यास त्या खेळापुरते ‘स्टीम इनपुट’ बंद करून पाहावे, कारण ते स्टिअरिंगला साध्या गेमपॅडचे रूप देऊ शकते. पॅडल आणि गियर वेगवेगळ्या यूएसबी तारांनी जोडले असतील तर खेळाच्या सेटिंगमध्ये जोर कोणत्या उपकरणाला पाठवायचा हे तपासावे. तारा काढून पुन्हा लावल्यावर उपकरणांचा क्रम बदलतो आणि जोर पॅडलच्या नावे जातो, ज्यांना मोटरच नाही!

यापेक्षा फसवा दोष म्हणजे जोर लागतो, पण काही सांगत नाही. नवखे खेळाडू ‘गेन’ पूर्ण वाढवून ठेवतात, जड स्टिअरिंग म्हणजे खरे स्टिअरिंग अशा समजुतीने. मोटरीची ताकद मर्यादित असते. जी२९ ची सुमारे दोन न्यूटन-मीटर आहे. डायरेक्टइनपुटमध्ये जोराचे मोजमाप शून्यापासून १०,००० पर्यंत जाते, त्यापुढे काही नाही. खेळाच्या हिशेबाने एका वळणावर १०,००० आणि दुसऱ्यावर १३,००० जोर हवा असेल, तर दोन्हीकडे हाताला सारखेच जाणवते. यालाच ‘क्लिपिंग’ म्हणतात.

यात नेमके काय हरवते? वळताना पुढचे टायर सरळ होऊ पाहतात आणि तीच ओढ हाताला लागते. टायर पकडीच्या मर्यादेजवळ पोचतो तेव्हा त्याची पकड अजून वाढत असतानाच ही ओढ कमी होऊ लागते. स्टिअरिंग किंचित हलके होते, आणि गाडी बाहेर घसरण्याआधीची ही पूर्वसूचना असते. क्लिपिंगमध्ये वरचा चढ-उतार कापला गेल्याने ती मिळत नाही. वेग चुकला हे समजते ते भिंत जवळ आल्यावर.

२०१४ च्या ‘असेटो कोर्सा’त पॅडलच्या पट्ट्यांशेजारी जोराचीही पट्टी दिसते. मर्यादा ओलांडली की ती लाल होते. एखादे लांब, वेगवान वळण घ्यावे. कडेच्या उंचवट्यावरून जाताना पट्टी क्षणभर लाल झाली तर हरकत नाही, पण वळणभर लालच राहिली तर गेन कमी करावा. गाडीगणिक हा आकडा बदलतो. आकड्यांच्या कीपॅडवरील अधिक-उणे कळांनी त्या गाडीपुरता तो बदलता येतो. स्टिअरिंग हलके वाटेल. ते आठवडाभर सोसावे, हात सरावतात.

दातेरी चक्रांच्या स्टिअरिंगमध्ये उलट अडचण मध्याजवळ येते. बारीक जोर घर्षणातच विरतो. त्यासाठी ‘मिनिमम फोर्स’ थोडा थोडा वाढवावा, आणि सरळ रस्त्यावर चक्र आपोआप डुलू लागताच एक पायरी मागे यावे. उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमधील मध्याकडे ओढणारी स्प्रिंग बंद ठेवावी, कारण ती खेळाच्या जोरात स्वतःचा खोटा जोर मिसळते. चक्र मध्याकडे येण्याऐवजी टोकाकडे पळत असेल तर जोराची दिशा उलटी झाली आहे. सेटिंगमध्ये ती उलटविण्याचा पर्याय शोधावा.

खरा यांत्रिक बिघाड ओळखण्याच्याही खुणा आहेत. सुरुवातीला नीट असलेला जोर अर्ध्या तासाने ओसरतो आणि विश्रांतीनंतर परततो, तेव्हा मोटर तापलेली असते. पंख्याची वाट मोकळी आहे का ते पाहावे. प्रत्येक वेळी मध्य वेगळ्या जागी येत असेल तर स्थिती मोजणाऱ्या चकतीवर संशय घ्यावा. जी२५ आणि जी२७ या जुन्या स्टिअरिंगमध्ये मोटरीच्या दांड्यावरील प्लास्टिकच्या या चकतीला तडा जाणे हा सर्वपरिचित दोष होता. वॉरंटी शिल्लक असेपर्यंत स्क्रू सोडवू नयेत.

डायरेक्ट ड्राइव्हवर हे प्रयोग करताना मात्र एक पथ्य पाळावे. आठ न्यूटन-मीटरची मोटर बिनसली तर चक्र हातातून हिसकावले जाते. अंगठे आऱ्यांच्या आत अडकवू नयेत, चाचणी कमी जोरावर सुरू करावी आणि वीज तोडण्याचे बटण हाताशी असावे.