एडेसाचें राज्य व तेथील तीन घराणीं

जुलै महिन्याच्या ३ तारखेस आपण प्रेषित संत थोमाचा सण पाळतों. पूर्वीं हा सण डिसेंबरच्या २१ तारखेस येत असे. १९६९ सालीं रोमी पंचांगांत तो जुलैमध्यें आणण्यांत आला. आणि हीच तारीख निवडण्याचें कारण असें कीं, प्रेषिताच्या पवित्र अस्थि हिंदुस्थानांतून एडेसा नगरीं नेण्यांत आल्या त्याचें स्मरण जुन्या परंपरेप्रमाणें या दिवशीं केलें जातें. आपल्या देशांतून ज्या नगराला एवढा ठेवा गेला, त्या नगराविषयीं आपणांपैकीं थोड्यांसच कांहीं ठाऊक असतें. म्हणून ज्युबिलीच्या या पुस्तिकेसाठीं आम्हीं एडेसाचा, आणि त्यांतही फ्रँक सरदारांच्या अंमलाखालीं गेलेल्या त्याच्या सेहेचाळीस वर्षांचा, विषय घेतला आहे.

एडेसा म्हणजे आजचें तुर्कस्तानांतील उर्फा. फरात नदीच्या पूर्वेस, डोंगर आणि सपाटी यांच्या सीमेवर तें वसलें आहे. महापंडित संत एफ्रेम ३७३ सालीं याच नगरांत ख्रिस्तवासी झाले. अकराव्या शतकाच्या अखेरीस तेथें सिरियन, आर्मेनियन व ग्रीक अशा तिन्ही परंपरांचे ख्रिस्ती लोक राहत होते, आणि भोंवतालचा मुलूख बव्हंशीं तुर्क सरदारांच्या हातीं गेलेला होता. अशा वेळीं पहिल्या क्रूसयुद्धाचे योद्धे पश्चिमेकडून आले. पश्चिम युरोपांतून आलेल्या या सर्वांस पूर्वेकडील लोक सरसकट फ्रँक म्हणत. आपल्या भाषेंतील ‘फिरंगी’ हा शब्द त्याच मुळापासून निघालेला आहे.

क्रूसवीरांनीं पूर्वेकडे जीं चार राज्यें स्थापिलीं, त्यांत एडेसाचें पहिलें. आणि बुडालें तेंही पहिलेंच. बाकीच्या तिन्हींस समुद्रकिनारा होता, यास नव्हता. इटलीच्या गलबतांतून येणारी कुमक येथवर पोहोंचणें दुष्कर होतें. मूठभर फ्रँक घोडेस्वारांनीं हें राज्य चालविलें असें पुस्तकांत वाचावयास मिळतें. परंतु शेतें नांगरणारे, तट राखणारे, कर भरणारे व पुष्कळदां लढणारेही तेथील आर्मेनियन आणि सिरियन ख्रिस्तीच होते. ही गोष्ट ध्यानांत धरल्याशिवाय त्या राज्याचा उदय कळत नाहीं आणि अंतही कळत नाहीं.

राज्याचा पाया घालणारा बाल्डविन हा बुलोन घराण्यांतील धाकटा मुलगा. यरुशलेम जिंकणाऱ्या गॉडफ्रेचा भाऊ. १०९८ सालच्या फेब्रुवारींत, सुमारें ऐशीं घोडेस्वारांनिशीं, तो एडेसाच्या वेशीशीं आला. नगराचा अधिपति थोरोस हा वृद्ध व निपुत्रिक आर्मेनियन गृहस्थ होता. त्यानेंच बाल्डविनला बोलाविलें व दत्तक घेतलें. तेथील रिवाजाप्रमाणें दोघांनीं एकाच रुंद अंगरख्यांत शिरून छातीला छाती लाविली. मग थोरोसच्या पत्नीनेंही तोच विधि केला. याला पुरते दोन महिनेही झाले नाहींत, तोंच नगरांत बंड उठलें. वृद्ध थोरोसचा जीव वांचविण्याचें वचन बाल्डविननें दिलें होतें. ९ मार्च रोजीं दोराच्या आधारानें पळून जातांना जमावानें त्या वृद्धास ठार मारलें, आणि दुसऱ्या दिवशीं दत्तक पुत्र गादीवर बसला. बाल्डविनचा धर्मगुरु फुल्चर यानें आपल्या धन्याकडे दोष दिलेला नाहीं. एडेसाचा मॅथ्यू नांवाचा आर्मेनियन संन्यासी मात्र स्पष्ट सांगतो कीं, बाल्डविनला कटाची खबर होती. आम्हांला मॅथ्यूचें म्हणणें अधिक पटतें. कारण ज्याला वांचवावयाचें असतें त्याच्यासाठीं माणूस निदान दारांत तरी उभा राहतो.

तथापि या राज्याचा एक मोठा उपयोग लौकरच झाला. मे महिन्यांत मोसूलचा सरदार करबोगा अंत्युखियाच्या सुटकेसाठीं प्रचंड सैन्य घेऊन निघाला असतां वाटेंत एडेसाला वेढा घालून तीन आठवडे थांबला, आणि शेवटीं हात हलवीत पुढें गेला. तेवढ्या अवधींत क्रूसवीरांनीं अंत्युखिया घेतलें. हे तीन आठवडे मिळाले नसते, तर पहिलें क्रूसयुद्ध अंत्युखियाच्या तटाखालींच संपलें असतें, असें अनेक इतिहासकार मानितात. तट बाल्डविनचा खरा, पण त्यावर उभे असलेले लोक बहुतांशीं एडेसाचेच.

११०० सालीं गॉडफ्रे वारला. बाल्डविन यरुशलेमास गेला व त्याच वर्षींच्या नाताळाच्या दिवशीं बेथलेहेमांत त्याला राज्याभिषेक झाला. एडेसा त्यानें आपला आप्त, रेथेल घराण्यांतील दुसरा बाल्डविन, याच्या स्वाधीन केलें. या दुसऱ्या बाल्डविननें मेलिटिनच्या गॅब्रिएल नामक श्रीमंत आर्मेनियन सरदाराची कन्या मॉर्फिया हिच्याशीं विवाह केला. या सासऱ्याची एक गोष्ट सोरचे आर्चबिशप विल्यम यांनीं लिहून ठेविली आहे. बाल्डविनजवळ शिपायांचा पगार द्यावयास पैसा नव्हता. त्यानें सासऱ्याच्या देखत शिपायांकडून तगादा करविला आणि सांगितलें कीं, पगार न दिल्यास दाढी उतरून देण्याची शपथ आपण घेतली आहे. पूर्वेकडे दाढी म्हणजे पुरुषाची अब्रू. सासरेबुवांनीं कपाळाला हात लाविला आणि जांवयाची दाढी सोडविण्यासाठीं तीस हजार सुवर्णनाणीं मोजून दिलीं. अशी युक्ति दुसऱ्यांदा करूं नये अशीही शपथ त्यांनीं घेवविली, हें विशेष!

हंसण्याजोगी ही गोष्ट एवढीच. ११०४ सालीं हारान येथें, जेथें पूर्वीं पितामह अब्राहाम राहिला होता, फ्रँकांचा मोठा पराभव झाला आणि बाल्डविन व त्याचा आप्त जोसेलिन हे दोघेही कैद झाले. ११०८ सालीं बाल्डविन सुटून आला, तों अंत्युखियाचा टँक्रेड एडेसा परत देईना. मग दोघांचें युद्ध झालें, आणि दोन्ही बाजूंना फ्रँकांबरोबर तुर्कही लढले. क्रूसाचें चिन्ह खांद्यावर वागविणाऱ्यांनीं हें करावें! पुढें बाल्डविनला आपल्याच आर्मेनियन प्रजेचा संशय येऊं लागला. १११३ सालीं त्यानें पुष्कळ नगरवासीयांस बाहेर काढिलें; त्यानंतरच्या वर्षांत फरातकांठच्या आर्मेनियन सरदारांचे किल्ले एकामागून एक हिसकावून घेतले. १११८ सालीं तो यरुशलेमचा राजा झाला आणि एडेसा कूर्टने घराण्यांतील जोसेलिनकडे आलें.

जोसेलिनविषयीं थोडें सविस्तर लिहिलें पाहिजे. ११२२ सालीं बलक नामक तुर्क सरदारानें त्याला पकडून खरपूतच्या किल्ल्यांत ठेविलें. दुसऱ्या वर्षीं राजा बाल्डविनही तेथेंच कैदी होऊन आला. तेव्हां सुमारें पन्नास आर्मेनियन वेष पालटून किल्ल्यांत शिरले व त्यांनीं किल्ला ताब्यांत घेतला. मदत आणण्यासाठीं जोसेलिन रात्रीं बाहेर पडला. त्याला पोहतां येत नव्हतें. वारा भरलेल्या कातडी पिशव्यांच्या आधारानें तो फरात उतरला. पलीकडे एका आर्मेनियन शेतकऱ्यानें त्याला ओळखिलें, कारण पूर्वीं त्यानें जोसेलिनचें अन्न खाल्लें होतें. त्या गरिबानें आपली बायको, तान्ही मुलगी व गाढव बरोबर घेतलें, आणि कोणाला संशय येऊं नये म्हणून मुलगी जोसेलिनच्या हातीं दिली. मूल वाटभर रडत होतें आणि एडेसाच्या अधिपतीला तें उगी करतां येईना. अशा रीतीनें तो टर्बेसेलला सुखरूप पोहोंचला. इकडे कुमक येण्यापूर्वींच बलकनें किल्ला परत घेतला व राजाला जिवंत ठेवून त्या आर्मेनियन वीरांस ठार केलें. त्यांचीं नांवें कोणत्याही घराण्याच्या वंशावळींत नाहींत.

११३१ सालीं एका किल्ल्याच्या तटाखालीं खणलेलें भुयार अंगावर कोसळून जोसेलिन अंथरुणास खिळला. तशांत शत्रु चालून आल्याची बातमी आली. मुलाला जाण्यास सांगितलें, तर तो म्हणाला, शत्रूचें बळ फार आहे. तेव्हां वृद्ध जोसेलिन डोलींत पडून सैन्यापुढें निघाला. तो येतो हें ऐकूनच शत्रु परत फिरला. त्यानें रस्त्यांत डोली खालीं ठेवावयास लाविली, हात वर करून देवाचे आभार मानिले आणि तेथेंच प्राण सोडिला.

मुलगा दुसरा जोसेलिन हा आर्मेनियन मातेच्या पोटचा. तेथील लोक त्याला आपला म्हणत. पण त्यानें एडेसांत राहणें सोडिलें आणि फरातच्या पश्चिमेस टर्बेसेलच्या सुखांत आपला मुक्काम ठेविला. नगराच्या रक्षणास भाडोत्री शिपाई ठेविले, त्यांचाही पगार थकलेला. अंत्युखियाच्या रेमंडशीं त्याचें हाडवैर होतें. ११४४ सालच्या २८ नोव्हेंबरला जोसेलिन बाहेर असतां झंगीनें नगराला वेढा घातला. तटावर चांभार, विणकर, दुकानदार व धर्मगुरु उभे राहिले. रेमंड हलला नाहीं. यरुशलेमहून राणी मेलिसेंद हिनें सैन्य धाडिलें. ती या राज्याच्या मॉर्फियाची मुलगी होती. पण सैन्य वेळेवर पोहोंचलें नाहीं. २४ डिसेंबरला, नाताळाच्या आदल्या दिवशीं, तट पडला. लोक बालेकिल्ल्याकडे धांवले, तों दरवाजे बंद. त्या चेंगराचेंगरींत हजारों गुदमरून मेले. आर्चबिशप ह्यू यांचाही त्या गर्दींत अंत झाला. त्यांनीं पुष्कळ द्रव्य सांठवून ठेविलें होतें व तें शिपायांवर खर्चिलें नाहीं, असा आरोप विल्यम यांनीं केला आहे. एका आर्चबिशपानें दुसऱ्याविषयीं तो लिहिला, म्हणून आम्हीही तो येथें झांकीत नाहीं.

झंगीनें फ्रँकांस मारिलें. तेथील ख्रिस्ती लोकांस मात्र अभय दिलें. दुसरा घाव पुढें बसावयाचा होता. ११४६ सालीं झंगीचा खून होतांच जोसेलिन परत आला व नगरांत शिरला. बालेकिल्ला कांहीं त्याला घेतां आला नाहीं. थोड्याच दिवसांत झंगीचा पुत्र नुरुद्दीन आला. जोसेलिन निसटला, आणि त्याच्या मागोमाग बाहेर पडलेले नगरवासी वाटेंत कापले गेले, उरलेले गुलाम झाले. एक हजार वर्षांच्या जवळपास नांदलेलें ख्रिस्ती नगर ओस पडलें. प्रेषिताच्या अस्थि पुढें खियास बेटावर होत्या व तेथून १२५८ सालीं इटलींतील ओर्तोना येथें नेल्या गेल्या.

दुसरें क्रूसयुद्ध याच नगरासाठीं पुकारलें गेलें होतें. संत बर्नार्डांनीं त्यासाठीं उपदेश केला, दोन राजे निघाले, आणि ११४८ सालीं दिमिष्काच्या वेशीवरून चार दिवसांत परत फिरले. एडेसाकडे कोणी गेलेंच नाहीं. दुसरा जोसेलिन ११५० सालीं पकडला गेला. त्याचे डोळे काढण्यांत आले व हलबच्या तुरुंगांत ११५९ सालीं तो मेला. त्याची पत्नी बीॲट्रिस हिनें उरलेले किल्ले कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटास विकले; थोडक्याच काळांत तेही तुर्कांकडे गेले.

फरातच्या कांठचा ऱ्होमक्ला हा एक किल्ला मात्र बीॲट्रिसकडून आर्मेनियन ख्रिस्तसभेच्या प्रमुखास, म्हणजे कॅथोलिकॉसला, मिळाला. एडेसा पडल्यावर त्या नगराला विधवा कल्पून तिच्या तोंडीं विलाप घालणारें काव्य ज्या नेर्सेसनें रचिलें, तो पुढें ११६६ सालीं येथेंच कॅथोलिकॉस झाला. तेराव्या शतकांत तोरोस रोस्लिन नांवाचा चित्रकार याच किल्ल्यांत बसून शुभवर्तमानाच्या पोथ्या रंगवीत होता. १२९२ सालीं इजिप्तच्या सुलतानानें किल्ला घेतला, तोंपर्यंत कॅथोलिकॉसचें पीठ तेथें होतें. एडेसावर फ्रँक सरदारांनीं जितकीं वर्षें राज्य केलें, त्याच्या तिपटीहून अधिक.