तुकोबांचा अभंग म्हणता? मग क्रमांक सांगा!

आषाढी जवळ आली की माझ्या मोबाईलवर एक ओळ हमखास येते. खाली नाव तुकाराम महाराजांचं. आणि सोबत पुरावा म्हणून एका वर्तमानपत्राच्या कात्रणाचा फोटो. ते कात्रण मला चांगलंच ओळखीचं आहे, कारण ते पान मीच लावलं होतं.

गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. वारी विशेष पुरवणी, रात्रीचे अकरा, कोपऱ्यात थोडी जागा रिकामी. व्हॉट्सॲपवर आलेली ओळ उचलली आणि टाकली. तिसऱ्या दिवशी गावातले एक वयस्कर कीर्तनकार बुवा ऑफिसात आले. पिशवीतून गाथा काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "पत्रकार, यात अभंग क्रमांक कितीवर आहे ते दाखवा."

मी मागची अकारविल्हे सूची चाळली. नाही सापडलं. तरी वाद घातलाच. म्हटलं, "बुवा, सूचीत फक्त पहिली ओळ असते. ही मधली ओळ असेल तर?" बुवा हसले. "मधली असती तर मला पाठ असती. पण तुम्हाला गाथा पाठ नाही. म्हणजे तुम्ही एकतर माझ्यावर विश्वास ठेवणार, नाहीतर त्या मोबाईलवर. स्वतः कधी बघणार?"

दुसऱ्या दिवशी आम्ही चार ओळींची दुरुस्ती छापली. दुरुस्तीचं कात्रण कुणी फिरवत नाही. चूक मात्र अजून फिरतेय.

बुवांचा तो प्रश्न डोक्यात राहिला. हजारो ओळींच्या ग्रंथात एक ओळ आहे की नाही, हे पाठांतर नसलेल्या माणसाने कसं तपासायचं? शोधत गेलो तेव्हा कळलं की या प्रश्नाचा इतिहास फार जुना आहे.

आपल्याकडे वेदांच्या अनुक्रमणी होत्या. कात्यायनाच्या सर्वानुक्रमणीत ऋग्वेदातल्या प्रत्येक सूक्ताचे पहिले शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद दिलेले आहेत. पण ही सोय ज्याला संहिता पाठ आहे त्याच्यासाठी. सुरुवात सांगितली की पुढचं त्याच्या तोंडात तयार. आपल्या गाथेची सूचीही याच जातीची.

प्रत्येक शब्दाचा पत्ता लिहून ठेवायचं मोठं काम झालं पॅरिसमध्ये, 1230 च्या सुमारास. ह्यू ऑफ सेंट-शेर नावाच्या धर्मगुरूच्या देखरेखीखाली डोमिनिकन मठातल्या साधूंनी लॅटिन बायबलची शब्दसूची केली. अडचण अशी की तेव्हा बायबलला अध्याय होते, पण आजच्यासारखे ओळींचे क्रमांक नव्हते. मग त्यांनी अध्यायाचे मनाने सात भाग पाडले आणि त्यांना ए पासून जी पर्यंत अक्षरं दिली. म्हणजे आधी पत्ता ठरला, मग सूची झाली. घरांना नंबर नसतील तर पोस्टमन काय करणार?

पुढची शंभर-शंभर वर्षं हे काम हातानेच चाललं. 1737 मध्ये लंडनच्या अलेक्झांडर क्रूडनने इंग्रजी बायबलची सूची जवळपास एकट्याने केली. 1906 मध्ये मॉरिस ब्लूमफील्ड या अमेरिकन संस्कृतपंडिताने वैदिक मंत्रांच्या चरणांची अकारविल्हे सूची छापली. आपल्या पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1966 मध्ये पुरी केली. त्यानंतर श्लोकचरणांच्या सूचीचे खंड निघाले, तेही हातानेच केलेले.

यंत्र आलं ते इटलीतल्या एका जेझुइट पाद्र्यामुळे. रोबेर्तो बुसा त्यांचं नाव. थॉमस अक्वायनसच्या लेखनातली एक कल्पना शोधताना त्यांच्या लक्षात आलं की खरी गोम एका बारक्या शब्दात आहे, लॅटिनमधल्या 'इन' या शब्दयोगी अव्ययात. त्यासाठी त्यांनी हाताने दहा हजार चिठ्ठ्या लिहिल्या! मग 1949 मध्ये ते न्यूयॉर्कला जाऊन आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले. पंचकार्डांवर काम सुरू झालं. कार्डांना भोकं पाडायचं काम प्रामुख्याने तरुण मुलींनी केलं, हे मुद्दाम सांगतो. सुमारे एक कोटी शब्द आणि तीस वर्षं. छापील खंड भरले छप्पन्न. दरम्यान 1957 मध्ये जॉन एलिसन यांनी युनिव्हॅक संगणकावर केलेली इंग्रजी बायबलची सूची बाजारातही आली होती.

यंत्र असून तीस वर्षं का लागली? कारण यंत्राला अक्षरं कळतात, शब्द कळत नाही. पंढरी, पंढरीचा, पंढरीसी, पंढरीये हे चारही त्याच्या लेखी वेगवेगळे. यांचं मूळ एक आहे, हे माणसालाच सांगावं लागतं. लॅटिनमध्येही तीच रड.

गेल्या वर्षी गावातल्या एका इंजिनिअरिंगच्या पोराला घेऊन मी गाथेवर हा प्रयोग केला. कृती तशी सोपी आहे. प्रत्येक ओळीला पत्ता द्यायचा : अभंग अमुक, चरण तमुक. ओळीचे शब्द सुटे करायचे. प्रत्येक शब्दासमोर त्याचे सगळे पत्ते लिहायचे आणि तक्ता अक्षरानुक्रमे लावायचा. मग चार शब्दांची ओळ शोधायची तर चारही शब्दांसमोरचे पत्ते बघायचे आणि सगळीकडे सामाईक कोणता ते काढायचं. गूगलच्या शोधामागेही मुळात हाच तक्ता आहे.

तक्ता एका संध्याकाळी झाला. दुरुस्तीला तीन महिने लागले. जुन्या गाथेत 'नाहीं' वर अनुस्वार, आम्ही 1962 च्या नियमांनी शिकलेलो 'नाही' शोधतोय. यंत्र म्हणणार, सापडलं नाही. 'वारकऱ्यांचा' मधला र्‍य संगणकात दोन तऱ्हेने लिहिता येतो. पडद्यावर एकसारखा दिसतो, आत मात्र निराळा. शेवटी पोराने शोधण्यापुरते अनुस्वार काढले, ऱ्हस्व-दीर्घ एक केलं आणि दाखवण्यासाठी मूळ पाठ तसाच ठेवला. हे केलं नसतं तर आम्ही तुकोबांच्या खऱ्या ओळीलाही खोटी ठरवलं असतं.

माझी ती ओळ? नाही निघाली. एकेक शब्द घेऊन पाहिला, तरी नाही. बुवा बरोबर होते.

तरीही मी एवढंच म्हणेन की ती आमच्यापुढच्या प्रतीत नाही. गाथेच्या प्रती अनेक, अभंगांची संख्या आणि क्रमांक प्रत्येकीत वेगळे. म्हणून क्रमांक सांगताना प्रतही सांगावी लागते. तक्ता निवाडा देत नाही, कुठे बघायचं तेवढं दाखवतो. बघायचं काम आपलंच.

पण एवढंही कमी नाही. 'ग्रंथात असं लिहिलंय' हे वाक्य आजवर किती जणांची तोंडं बंद करायला वापरलं गेलंय, आठवा. व्यासपीठावरून कुणीही उठतो आणि संतांच्या नावावर काहीही खपवतो. पाठांतर थोड्यांकडे होतं तोवर तपासायची सत्ताही थोड्यांकडेच होती. आता ती कुणाच्याही खिशात येऊ शकते.

बुवा आता नाहीत. त्यांना हा तक्ता दाखवायचा राहून गेला.

तेव्हा मंडळी, यंदा ती ओळ आली तर पुढे ढकलू नका. पाठवणाऱ्याला नम्रपणे विचारा, "दादा, कोणती प्रत आणि अभंग क्रमांक किती?" आणि कात्रण दाखवलं तर माझं नाव सांगा. ती चूक माझी आहे.