घरच्या मोडेममागे दुसरा राउटर कसा जोडायचा? केबल कुठल्या पोर्टात, हाच खरा प्रश्न

घरात फायबर आलं, १०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला, मोडेमशेजारी उभं राहून स्पीड टेस्ट केली तर आकडा बरोबर येतो. आतल्या खोलीत गेलं की मात्र वाय-फायची एकच काडी उरते आणि साधी रील गोल गोल फिरत बसते. मग कपाटातला जुना राउटर आठवतो, नाहीतर नवा घेतला जातो, आणि एक केबल या डब्यातून त्या डब्यात खोचली जाते. कधी लगेच चालतं. कधी त्या दिवशी चालतं आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या घराचं नेट बसतं.

हा दुसरा प्रकार मी स्वतः केलाय. सांगलीत, मावशीच्या घरी.

मावशीचं घर गावभागात, एक मजली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. मावशीचा तळमजला पाण्यात होता. तेव्हापासून त्या घरात विजेवर चालणारी जी वस्तू वर नेता येईल ती वर गेली. नंतर फायबर आलं तर मोडेमही वरच. २०२१ ला परत पाणी आलं, तेव्हा हे शहाणपण कामाला आलं. पण एरवी वर्षभर माणसं राहतात खाली, आणि मध्ये स्लॅब. माझी मावसबहीण पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करते, तेही खालच्या खोलीत, कारण वर पत्र्याखाली दुपारी बसवत नाही.

एका रविवारी मी इंजिनिअर असल्याच्या आत्मविश्वासात जिन्यातून केबल खाली आणली, दुसऱ्या राउटरच्या मोकळ्या दिसणाऱ्या पोर्टात खोचली, फोन जोडला, यूट्यूब चाललं. झालं काम. सोमवारी सकाळी ताईचा क्लायंटबरोबर कॉल. लॅपटॉपवर वाय-फाय फुल, इंटरनेट शून्य. वर मावशीचा टीव्हीसुद्धा बंद. मला फोन आला तो असा: "तू नीट करायला आलतास का बिघडवायला रे?"

बिघडलं काय होतं?

तुमचा फोन वाय-फायला जोडला की पहिलं काम म्हणजे पत्ता मागणं. "मी नवीन आलोय, मला आयपी ॲड्रेस द्या, आणि बाहेर जायचं दार कुठलं ते सांगा." हे पत्ते वाटण्याच्या कामाला डीएचसीपी म्हणतात, आणि बाहेर जायच्या दाराला गेटवे. घरातल्या मोडेममध्ये हे काम चालूच असतं. आता गंमत अशी की नवा राउटरसुद्धा कारखान्यातून हेच काम चालू ठेवून येतो. त्याला वाटतं या घराचा कारभारी मीच.

मावशीच्या मोडेमचा पत्ता होता १९२.१६८.१.१ आणि मी आणलेल्या राउटरचा १९२.१६८.०.१. मी केबल दुसऱ्या राउटरच्या लॅन पोर्टात खोचली होती, म्हणजे दोन्ही डबे एकाच जाळ्यात आले आणि दोघंही पत्ते वाटायला लागले. ज्याचं उत्तर आधी पोहोचेल त्याचा पत्ता फोन घेतो. रविवारी माझ्या फोनला मोडेमकडून पत्ता मिळाला, म्हणून सगळं चाललं. रात्री सगळ्यांची उपकरणं बंद झाली, सकाळी परत चालू झाली, आणि त्यातल्या बऱ्याचशांना दुसऱ्या राउटरनं पत्ता दिला: "बाहेर जायचं दार? मीच की!" पण त्याच्या वॅन पोर्टात काहीच जोडलेलं नव्हतं. दार उघडून पाहिलं तर पलीकडे भिंत.

एका जाळ्यात पत्ते वाटणारा एकच हवा. दुसरा राउटर जोडायच्या सगळ्या पद्धती या एका वाक्यातून निघतात. एकतर दुसऱ्याचं वाटप बंद करा, नाहीतर त्याला त्याचं वेगळं जाळं द्या.

पहिली पद्धत: दुसरा राउटर फक्त वाय-फाय पसरवायला

दहातल्या आठ-नऊ घरांना हेच हवं असतं. याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात.

आधी दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'ऑपरेशन मोड' किंवा 'सिस्टीम मोड' असं काही आहे का बघा. टीपी-लिंक, टेंडा, डी-लिंक यांच्या बऱ्याच मॉडेलमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असतो. तो निवडला की डीएचसीपी आपोआप बाजूला होतं आणि सहसा केबल कुठल्याही पोर्टात लावली तरी चालते. दोन मिनिटांचं काम.

जुन्या राउटरमध्ये तो पर्याय नसेल तर हाताने करावं लागतं, आणि इथे क्रम महत्त्वाचा. मोडेमची केबल अजून लावायची नाही. आधी फोनचा मोबाइल डेटा बंद करा. ही पायरी बहुतेक जण विसरतात. दुसऱ्या राउटरला नेट नसल्यामुळे फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि मग ब्राउझरमध्ये राउटरचं पानच उघडत नाही. 'या नेटवर्कला इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का' असं फोन विचारेल, त्याला हो म्हणा. मग राउटरच्या तळाशी स्टिकरवर छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाका. (इथे मी आकडे मराठीत लिहिलेत, तुम्ही टाइप इंग्रजी आकड्यांतच करायचे.)

आत गेल्यावर आधी वाय-फायचं नाव आणि पासवर्ड ठरवा. मग लॅन सेटिंगमध्ये जाऊन राउटरचा स्वतःचा पत्ता बदला. मोडेम १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. तो आकडा मोडेमच्या डीएचसीपी वाटपाच्या यादीत येत नाही ना, हे मोडेमच्या पानावर एकदा बघून घ्या. यादी २ पासूनच सुरू होत असेल तर यादी १० पासून सुरू करा, म्हणजे खालचे आकडे मोकळे राहतात. पत्ता बदलला की राउटर परत सुरू होईल. नव्या पत्त्यावर परत आत जा आणि डीएचसीपी सर्व्हर बंद करा. सेव्ह. आता मोडेमच्या लॅन पोर्टातून आलेली केबल दुसऱ्या राउटरच्या लॅन पोर्टात लावा. वॅन पोर्ट, जो बऱ्याच राउटरवर निळा किंवा वेगळ्या रंगाचा असतो, तो रिकामा ठेवायचा. रिकामं पोर्ट बघून हात शिवशिवतात, पण ठेवायचा. आणि "दोन केबल लावल्या तर डबल स्पीड" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मोडेम आणि राउटरमध्ये दोन लॅन केबल लावल्या की डेटा गोल फिरत राहतो आणि सगळं जाळं गुदमरतं.

तपासणी सोपी आहे. फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर टॅप करा, गेटवे बघा. दुसऱ्या राउटरजवळ उभं राहूनसुद्धा गेटवे १९२.१६८.१.१ म्हणजे मोडेमचाच दिसला पाहिजे. त्या सोमवारी ताईला मी फोनवरून हेच बघायला सांगितलं, शेवटी ० दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला.

दोन्हीकडे वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच ठेवला तर घरात फिरताना फोन आपोआप जवळच्या राउटरवर जातो. 'आपोआप' जरा जास्तच झालं. कधी बदलायचं हे फोन ठरवतो आणि काही फोन जुन्या सिग्नलला चिकटून बसतात. त्यांचा वाय-फाय एकदा बंद-चालू करावा लागतो. २.४ गिगाहर्ट्झवर एका डब्याला चॅनेल १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११ द्या, म्हणजे दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत नाहीत.

दुसरी पद्धत: वेगळं जाळं, वॅन पोर्टातून

हे आमच्या साताऱ्याच्या घरी आहे. पेठेतलं जुनं घर, खाली दोन फूट जाडीची दगडी भिंत, वर दोन खोल्या कॉलेजच्या मुलांना भाड्याने. दगडी भिंत काय करते हे समजायला स्पीड टेस्ट लागत नाही. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल तिथे जवळजवळ संपतोच, २.४ कसाबसा पलीकडे पोहोचतो.

इथे मोडेमच्या लॅन पोर्टातून निघालेली केबल दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टात लावायची. दुसऱ्या राउटरचं डीएचसीपी चालूच ठेवायचं, पण त्याच्या पत्त्यांची मालिका वेगळी हवी. मोडेम १९२.१६८.१ वर असेल तर याला १९२.१६८.५० द्या. इंटरनेटचा प्रकार 'डायनॅमिक आयपी' निवडा. इथे पुष्कळ जण कंपनीनं दिलेलं पीपीपीओईचं यूजरनेम परत टाकतात. ते आधीच मोडेममध्ये चालू असतं, दुसऱ्यांदा टाकून जोडणी होत नाही.

याला डबल नॅट म्हणतात. तुमच्या फोनचा खासगी पत्ता आधी दुसरा राउटर बदलतो, मग मोडेम बदलतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजानं खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेत, म्हणून तुमच्या आणि शेजाऱ्याच्या घरी तोच पत्ता असूनही भांडण होत नाही. डबल नॅटबद्दल इंटरनेटवर फार भीती घातली जाते. व्हॉट्सॲप, यूट्यूब, झूम, मोबाइलवरचे गेम यांना सहसा काही फरक पडत नाही. त्रास होतो तो पोर्ट फॉरवर्डिंग करणाऱ्यांना, कन्सोलवर गेम होस्ट करणाऱ्यांना, आणि एका जाळ्यातल्या फोनवरून दुसऱ्या जाळ्यातल्या टीव्हीवर कास्ट करायचं असेल तेव्हा. तसंही मोडेमच्या वॅन पत्त्यात १००.६४ ते १००.१२७ यांतलं काही दिसलं, तर तुमचा ऑपरेटरच एक नॅट आधी करतोय, आणि पोर्ट फॉरवर्डिंग तसंही होणार नाही.

पण भाडेकरूंसाठी ही पद्धत वापरताना एक चूक सर्रास होते. लोक भाडेकरूंना दुसरा राउटर देतात आणि स्वतः मोडेमवर राहतात, समजूत अशी की आपण आता वेगळे. खरं उलटं आहे. दुसऱ्या राउटरमागचा माणूस मोडेमच्या जाळ्यात उतरू शकतो, तुमचा प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर त्याला सापडू शकतो. मोडेमवरच्या माणसाला मात्र दुसऱ्या राउटरच्या आत शिरता येत नाही. म्हणून आम्ही उलटं केलं. मोडेम जिन्यापाशी, त्याचं वाय-फाय मुलांना. घरच्यांचे फोन, टीव्ही, कॅमेरे सगळे दुसऱ्या राउटरमागे. मोडेमच्या ॲडमिनचा पासवर्ड अर्थातच बदलला. मोडेममध्ये गेस्ट नेटवर्कची सोय असेल तर एवढंही करावं लागत नाही.

या पद्धतीचा आणखी एक उपयोग वेळापत्रकाचा. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ मध्ये संध्याकाळी ७ ला भोंगा वाजायला लागला आणि दीड तास मोबाइल-टीव्ही बंद, मुलं अभ्यासाला. तुमच्या घरात भोंगा नसेल तर राउटरमधलं पेरेंटल कंट्रोल ठरावीक वेळी ठरावीक फोनचं नेट बंद करू शकतं. फक्त लक्षात घ्या, ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये हे कंट्रोल बऱ्याच राउटरवर गायब होतं. ते हवं असेल तर वॅन पद्धतच घ्यावी लागते. (हा परिच्छेद लहान भावंडांनी आईबाबांना दाखवू नये.)

केबल, वीज आणि न दाबायचं बटण

इथेनेट केबल १०० मीटरपर्यंत चालते, घरात एवढी लागतच नाही. कॅट ५ई किंवा कॅट ६, अस्सल तांब्याची घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्तात मिळते आणि वाकवल्यावर दगा देते. लाइटच्या वायरींच्या पाइपातून ती ओढू नका. आणि गच्चीवरून शेजारच्या घरात केबल टाकून नेट वाटायचा विचार असेल तर वळवाच्या विजा आठवा. जुन्या राउटरची पोर्ट बऱ्याचदा १०० एमबीपीएसचीच असतात, म्हणजे २०० चा प्लॅन असला तरी हातात ९४-९५ च्या पुढे येणार नाही. १०० पर्यंतच्या प्लॅनला तो राउटर पुरतो.

केबलऐवजी रिपीटर लावून चालतं का? चालतं, पण साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग साधारण अर्धा होतो. केबल टाकता येत असेल तर टाका.

लाइट गेल्यावर मोडेम इन्व्हर्टरवर आणि दुसरा राउटर साध्या प्लगवर, असं झालं तर खाली नेट बंद. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, पण ॲडाप्टरवरचे व्होल्ट बघून घ्या. काही राउटर ९ व्होल्टचे, काही १२ चे असतात.

मोडेमचं रिसेट बटण मात्र सुईने दाबू नका. त्यात ऑपरेटरनं भरलेली माहिती असते, ती उडाली की त्यांचा माणूस येईपर्यंत घर ऑफलाइन. हिरव्या टोकाची फायबरही काढू-वाकवू नका. दुसरा राउटर हवा तितक्या वेळा रिसेट करा, तो तुमचाच आहे.

मावशीच्या घरी त्या सोमवारी मी फोनवरून ताईला आधी एकच करायला सांगितलं: खालच्या राउटरची पिन काढ, लॅपटॉप वरच्या मजल्यावर ने, वाय-फाय बंद करून चालू कर. कॉल अकरा मिनिटं उशिरा सुरू झाला. पुढच्या रविवारी जाऊन डीएचसीपी बंद केलं. खालचा राउटर आता दाराच्या वर खिळ्याला टांगलाय, आणि जिन्याच्या वरच्या पायरीपाशी केबलला एक जोड ठेवलाय. कृष्णेचं पाणी चढायला लागलं की तिथून केबल सोडायची, राउटर उचलायचा आणि वर जायचं. मावशीनं ते एकदा करून बघितलं, मिनिटसुद्धा लागलं नाही.