चार आकड्यांची गोष्ट

उत्तर लंडनमधील एनफील्ड येथे २७ जून १९६७ रोजी रोकड देणारे यंत्र सुरू झाले. ते घडवणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांना गुप्त क्रमांक सहा आकडी हवा होता. पण पत्नीला चारच आकडे लक्षात राहत, म्हणून तो चार आकडी केला, असे ते सांगत. १९८७ मध्ये एटीएम मुंबईत आले. क्रमांक दाबला की पैसे हाती येतात, ही सवय तेथे लागली. ११ एप्रिल २०१६ रोजी यूपीआय आले आणि अर्थ उलटला : मोबाइलवर क्रमांक दाबला की पैसे जातात, घेताना तो लागतच नाही. भामटे नेमकी ही जुनी सवय हेरतात. आजी-आजोबांना बटणांआधी हा फरक शिकवावा. आकडे मात्र त्यांनाच दाबू द्यावेत.