एक वर्णमाला, दोन लिप्या

मिरज जंक्शन हे नाव हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत एके काळी दगदगीशी जोडलेले होते. १९७१ साली पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला, आपल्याकडचा मात्र मीटरगेजच राहिला. नव्वदीच्या दशकात रूळ बदलेपर्यंत पुण्याला निघालेल्या माणसाला मिरजेत सामानासुमानासह गाडी बदलावी लागे. दोन्हीकडच्या गाड्या ठीक चालत. अडचण होती ती त्या भेटत तिथे.

आपल्या भाषा संगणकावर आल्या तेव्हाही असेच झाले. संगणक अक्षर ओळखत नाही, क्रमांक ओळखतो. फॉण्ट बनवणाऱ्या प्रत्येकाने आपापले क्रमांक ठरवले. एकाचा ‘क’ दुसऱ्याकडे भलतेच चिन्ह होई. आमच्या शाळेची एक जुनी मराठी-कन्नड स्मरणिका अशाच खासगी फॉण्टांत जुळवलेली आहे. फाइल आजही उघडते, पण दिसते ती चिन्हांची रांगोळी. छापील प्रत कपाटात होती म्हणून मजकूर वाचला.

खरे तर यावर उपाय आधीच निघाला होता. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले काम १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे गेले आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ हे मानक स्वीकारले. त्यामागचा विचार आपल्या बाराखडीइतका सरळ आहे. ब्राह्मीतून निघालेल्या लिप्यांची वळणे निराळी, पण वर्णमाला जवळजवळ एकच. म्हणून क्रमांक द्यायचा तो वर्णाला, वळणाला नव्हे. ‘इनस्क्रिप्ट’ कळफलकावर मराठी ‘क’ची जी कळ, तीच कन्नड ‘क’ची.

छपाईच्या व्यवसायात खासगी फॉण्ट तरीही बरीच वर्षे चालले. पुढे जगभर रुळलेल्या युनिकोडने मात्र इस्कीचीच १९८८ ची मांडणी उचलली होती. त्यात देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५, कन्नड ‘क’चा ३२२१. ‘ख’ २३२६ आणि ३२२२. आपला लाडका ‘ळ’ २३५५ आणि ३२५१. वजाबाकी करून पाहावी, अंतर दर वेळी ८९६ येते. कन्नडातील ऱ्हस्व ‘ए’ मराठीला लागत नाही, तरी देवनागरीत त्याच्यासाठी २३१८ हा क्रमांक ठेवला आहे. उलट ‘ऑफिस’मधला आपला ‘ऑ’ देवनागरीत २३२१ वर आहे, आणि कन्नडच्या रांगेत त्याच्या जोडीची जागा मोकळी सोडली आहे. पंगतीत शेजाऱ्याचा पाट मांडून ठेवावा, तशी.

परदेशातही हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. ‘पायथन’ या संगणकभाषेत संकेतस्थळे उभारताना दोन पक्ष असतात: वाचकाची मागणी आत आणणारा सर्व्हर आणि उत्तर तयार करणारा प्रोग्राम. प्रत्येकाची रीत निराळी होती. समजा, पाच सर्व्हर आणि आठ प्रकारचे प्रोग्राम आहेत. सगळ्यांचे सगळ्यांशी जमवायचे तर चाळीस सांधे हवेत, आणि मधला उंबरठा एक ठरला तर तेराच. फिलिप एबी यांनी डिसेंबर २००३ मध्ये असा उंबरठा सुचवला. ‘डब्ल्यूएसजीआय’ या नावाने तो रुळला. मागणी कोणत्या रूपात द्यायची आणि उत्तर कसे परत घ्यायचे, एवढेच त्यात ठरले. आत कोणी कसे काम करावे, यात त्याने ढवळाढवळ केली नाही.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मला यात मोलाचे वाटते ते हेच. चांगले मानक माणसांना एकसारखे करत नाही, फक्त भेटीची जागा ठरवते. कन्नडने आपली गोलाई सोडली नाही, देवनागरीने शिरोरेघ पुसली नाही, आणि आज एकाच फोनवरच्या एकाच निरोपात दोन्ही सुखाने नांदतात.

मात्र जुने सांधे आपोआप जुळत नाहीत. मंडळांची इतिवृत्ते, घराण्यांच्या वंशावळी, संस्थांच्या स्मरणिका अजून त्या खासगी फॉण्टांत अडकून आहेत. ज्यांच्याकडे अशा फाइली असतील, त्यांनी त्या युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्यात. त्या कोणत्या फॉण्टात जुळवल्या होत्या हे आठवणारी माणसे अजून आपल्यात आहेत.